ओंडक्याच्या पोटात

दिवाळी उलटली की मुंबई-कल्याणकडची तरुण मुलंमुली आमच्या भागात मुक्कामाला यायला लागतात. कुणी माहुलीच्या पायथ्याला, कुणी गोरखगडाच्या गुहेत, कुणी नाणेघाटात, कुणी डोळखांबच्या पुढं डेहण्याला, आजोबाच्या डोंगरात. तंबू, झोपायच्या पिशव्या, बॅटरीचे दिवे सगळं सोबत असतं. शेकोटीचं मात्र काही ठरलेलं नसतं. आमच्या अंगणात उतरणाऱ्या गटांचा निघायच्या आदल्या दिवशी फोन येतो. "काकू, लाकडं फोडायला काय आणू? कुऱ्हाड, करवत की कोयता? ऑनलाइन एक छोटी कुऱ्हाड मिळतेय, चालेल का?"

मी उत्तर देते. पण फोन ठेवल्यावर तो प्रश्न माझ्याजवळ राहतो, कारण मला तो नुसता सामानाच्या यादीतला प्रश्न कधी वाटला नाही. कोणतं हत्यार हातात धरावं, ते कशावर चालवावं, आणि त्या घावाचा वाटा कुणाकुणाच्या नावावर पडतो, याचा विचार आपल्याकडच्या धर्मपरंपरांनी फार जुन्या काळापासून केला आहे, आणि तोही पुष्कळदा लाकूड तोडण्या-फोडण्याच्या निमित्तानंच. मला त्याबद्दल लिहायचं आहे.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं, सासर शहापूरचं. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. वडील माळकरी, रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरी वाचायचे. आई सरपणाला रानात जायची. त्यामुळे एका बाजूनं ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूनं मोळी, असं दोन्ही माझ्या कानांवर आणि डोळ्यांसमोर एकदमच आलं, आणि मला ते कधी वेगळं करता आलं नाही.

आधी हत्यार बघू. आमच्याकडचा ठाकूर, कातकरी किंवा महादेव कोळी माणूस रानात निघाला की त्याच्या कमरेला मागच्या बाजूनं आकडी बांधलेली असते. आकडी म्हणजे खाच पाडलेला लाकडाचा तुकडा, दोरीनं कमरेला घट्ट केलेला. त्यात कोयता अडकवायचा. चालताना तो पाठीमागं हलतो, पण पडत नाही आणि लागतही नाही. पात्याचं टोक पुढं वळलेलं, वजन पुढच्या अंगाला, पाठ जाड, मूठ लाकडाची. बाया सरपणाला निघाल्या की त्यांच्याजवळही तोच. करवंदीची जाळी सारायची, वाट मोकळी करायची, वाळली फांदी छाटायची, नारळ सोलायचा, बांबू चिरायचा, सगळं त्याच एका पात्यावर. मुरबाडच्या बाजारात लोहाराकडं तो अजून घडवून मिळतो, आणि पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या यात्रेत बैल बघायला गेलेला माणूस येताना घोंगडीबरोबर एखादा कोयता किंवा कुऱ्हाडीचं पातंही घेऊन येतो.

तोडणं आणि फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे शहरातल्या मुलांना आधी सांगावं लागतं. तोडायला धार पातळ हवी, कारण घाव लाकडाच्या रेषा आडव्या कापत जातो. फोडायला पातळ धार कामाची नाही. तसली कुऱ्हाड ओंडक्यात रुतते आणि मग ती काढण्यातच दम जातो. फोडायच्या कुऱ्हाडीचं अंग जाड हवं, म्हणजे धार आत शिरली की मागचं अंग लाकडाला दोन्हीकडं रेटतं आणि ओंडका रेषेवर उलतो. मनगटाएवढ्या जाडीपर्यंतच्या लाकडाला तर कुऱ्हाड लागतच नाही. माझी आई कोयत्याची धार लाकडाच्या टोकाला जिथं वाळून तडा गेलेला असेल तिथं टेकवायची आणि दुसऱ्या दांडक्यानं कोयत्याच्या पाठीवर ठोके द्यायची. दोन-तीन ठोक्यांत लाकूड आपल्याच रेषेनं उघडायचं. हात वर उगारायचा नाही, पाय वाटेत येत नाही, ढलपी डोळ्यात उडत नाही. गाठ आली की ती दांडकं फिरवायची आणि गाठीच्या बाजूनं जायची. गाठीवर जोर करायची तिची पद्धत नव्हती.

त्याआधी ती आणखी एक गोष्ट करायची. वाळली फांदी उचलली की तिची दोन्ही टोकं बघायची, मग ती दगडावर हलकेच आपटायची. कोरडं लाकूड टणक वाजतं, ओलं लाकूड मुकं राहतं, म्हणून आपटायचं हे तर खरंच. पण आत कुणी असेल तर त्यानं बाहेर पडावं, हेही त्यात होतं. विंचू, गोम, सापसुरळी, मुंग्यांची रांग. भोक दिसलं तर ती त्यात काडी घालून बघायची. आत घर दिसलं की ते लाकूड तिथंच ठेवायची आणि पुढं चालायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "त्यात राहतंय कुणीतरी."

जैन परंपरेतली पार्श्वनाथांची कथा मी पुढं वाचली तेव्हा मला आधी आईचं हे आपटणं आठवलं. शहापूरला मानस मंदिर आहे, तिथं यात्रेकरूंची सतत ये-जा असते, त्यामुळे ही कथा आमच्या भागाला परकी नाही. वाराणसीचा राजपुत्र पार्श्व. तिथं एक तापस पंचाग्नी साधत बसलेला. चारी बाजूंना पेटते ओंडके, डोक्यावर सूर्य, बघायला माणसांची गर्दी. पार्श्वाला कळतं की जळणाऱ्या एका ओंडक्याच्या पोटात साप आहे. श्वेतांबर परंपरा सांगते की त्यानं आपल्या माणसांकडून तो ओंडका जपून फोडून घेतला, आतून भाजलेला नाग निघाला, मरता मरता त्याला नमस्कार मंत्र ऐकवला गेला, आणि तो पुढं धरणेंद्र झाला. दिगंबर परंपरेतली कथा जास्त कठोर आहे. तिथं नाग-नागिणीची जोडी आहे. तापस लाकूड फोडायला कुऱ्हाड उचलतो, पार्श्व त्याला थांब म्हणतो, तो थांबत नाही, आणि जोडी त्याच घावानं चिरली जाते. पार्श्वनाथांच्या मूर्तीवर फण्यांचं जे छत्र दिसतं ते याच नागाचं.

या कथेचा रोख तापसाच्या देहदंडावर असतो असं साधारण सांगितलं जातं. मला तिच्यातला लाकडाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या तापसानं स्वतःचं अंग भाजून घेतलं, उपास काढले, ऊन सोसलं. फक्त ज्या लाकडावर त्याचं सगळं तप चाललं होतं त्याच्या आत त्यानं पाहिलं नाही. आणि तेवढ्या एका गोष्टीनं त्याचं बाकीचं सगळं वाया गेलं, असं ही कथा ठामपणे सांगते. दुसरं असं की कुऱ्हाड दोन्ही कथांमध्ये आहे. लाकूड फोडल्याशिवाय नाग बाहेर निघणार नव्हता. म्हणजे हत्यार वाईट नाही. जपून फोडणारा हात आणि रागानं घाव घालणारा हात, एवढाच फरक आहे, पण तो फरक जन्ममरणाचा आहे.

मेलेल्या लाकडात जीव नसतो, त्यामुळे त्याचा धर्माशी काय संबंध, असं एका मुलानं मला विचारलं होतं. हुशार मुलगा होता आणि मनापासून विचारत होता. त्याचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. उभं हिरवं झाड तोडणं आणि पडलेली फांदी उचलणं यांत फार अंतर आहे, आणि त्या अंतरावरच आमच्या भागातल्या आयाबायांनी आपला संसार चालवला. पण रानात पडलेलं लाकूड रिकामं नसतं. वाळवी, भुंगे, अळंबी, मुंग्या सगळे त्याच्यावर जगतात. कुजून ते माती होतं आणि त्याच मातीत पुढचा ऐन, पुढचा धावडा उगवतो. सगळी वाळली लाकडं गोळा करून नेली तर रानाचं पोट रिकामं राहतं. म्हणून पडलेल्या लाकडातही आपला वाटा किती, हा प्रश्न उरतोच.

वैदिकांनी हा प्रश्न उभ्या झाडाच्या संदर्भात घेतला. यज्ञात यूप नावाचा खांब लागतो. त्यासाठी झाड तोडायचा विधी यजुर्वेदात आहे. झाड निवडलं की त्याला तूप लावतात. जिथं घाव बसणार तिथं दर्भाची काडी आडवी धरतात. मंत्रात त्या दर्भाला झाडाचं रक्षण करायची विनंती आहे आणि कुऱ्हाडीला झाड न दुखवण्याची. मग घाव घालतात. पहिली ढलपी टाकून न देता जपून ठेवतात. शतपथ ब्राह्मण सांगतं की खुंट इतका बुटका ठेवावा की वरून गाडी गेली तर तिचा आस अडकू नये. आणि शेवटी त्या खुंटावर तुपाची आहुती देऊन त्यानं शंभर फुटव्यांनी पुन्हा वाढावं असं मागतात.

कुणी म्हणेल, तोडायचंच आहे तर न दुखवण्याची विनंती कशाला? हे ढोंग झालं. मला ते ढोंग वाटत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलनं आत्म्यावरच्या ग्रंथात कुऱ्हाडीचंच उदाहरण घेतलं आहे. कुऱ्हाड जर निसर्गानं घडवलेला सजीव देह असती, तर तिचं कुऱ्हाडपण हाच तिचा आत्मा ठरला असता. ते गेलं की ती नावापुरतीच कुऱ्हाड. म्हणजे तोडणं तिच्या स्वभावातच आहे. यजुर्वेदातला ऋत्विज त्याच कुऱ्हाडीला तिच्या स्वभावापलीकडचं काही मागतो. आणि ते मागणं तो नुसतं बोलून सोडत नाही, स्वतःच्या घावाच्या वाटेत दर्भाची काडी ठेवतो. त्या काडीनं कुऱ्हाड अडणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तरी घाव घालताना त्याच्या डोळ्यासमोर ती काडी असते. एवढा एक क्षण थांबल्याशिवाय, मी काय करतो आहे हे उच्चारल्याशिवाय, झाडाला हात लावायचा नाही, असा तो नियम आहे.

यज्ञातला तो खांब पोटासाठी नव्हता हेही लक्षात घ्यावं. ज्याला भात शिजवायचा आहे त्याच्याकडून कुणी इतका विधी मागितला नाही. आईनं सरपण आणताना मंत्र म्हटले नाहीत आणि म्हणायची गरजही नव्हती. जिथं गरज नाही, जिथं माणूस आपल्या इच्छेसाठी, उत्सवासाठी लाकूड घेतो, तिथं नियम जास्त कडक असावेत, असा मला त्याचा अर्थ लागतो. मुक्कामाची शेकोटी ही अशीच इच्छेची आग आहे. ती वाईट नाही. थंडीत चार माणसं आगीभोवती बसली की एकमेकांशी जे बोलतात ते घरी दिव्याखाली बोलत नाहीत, हे मी पाहिलं आहे. पण ती इच्छेची आहे, म्हणून तिच्यावर दर्भाची काडी हवी.

सरपणाच्या कष्टाला मात्र मी पवित्र म्हणणार नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि उतारावरून मान ताठ ठेवून तासभर चाल. आईची मान शेवटपर्यंत दुखत राहिली. चुलीच्या धुरानं डोळे गेले ते वेगळंच. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घराघरांत शेगड्या आल्या, याचा मला आनंदच झाला. आजही वाडीवर सिलिंडर भरायला पैसे नसले की चूल पेटते आणि कोयता आकडीत जातो. चुलीवरच्या भाकरीची चव सांगणाऱ्या पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते.

आता वाट्याचा प्रश्न. ज्या आजोबाच्या डोंगरात ही मुलं उतरतात तिथं वाल्मिकींचा आश्रम मानला जातो. ओढ्याला पाणी असतं, गर्द झाडी असते, वर कड्यात सीतेचा पाळणा दाखवतात. लव-कुश वाल्मिकींना आजोबा म्हणायचे म्हणून डोंगराचं नाव आजोबा, असं आमच्याकडं लहान मूलही सांगतं. आणि वाल्मिकी म्हटलं की मराठी माणसाला आधी वाल्या कोळी आठवतो. नारद त्याला घरी पाठवतात: ज्यांच्यासाठी हे करतोस त्यांना विचारून ये, पापात वाटा घेतील का. बायकापोरं नाही म्हणतात. खाण्यात वाटा, पापात नाही.

ही गोष्ट मी शाळेत पुष्कळ वेळा सांगितली. मुलांना वाल्याच्या घरच्यांचा राग यायचा. मलाही येतो, कारण त्यांचं उत्तर शास्त्राला धरून नाही. योगसूत्रं हिंसेचे तीन प्रकार सांगतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान्य केलेली. जैन आचारातही करणं, करवणं आणि अनुमोदणं या तिन्हींचा त्याग सांगितला आहे. म्हणजे ज्यानं घाव घातला त्याचाच नव्हे, ज्यानं तो घालायला लावला आणि जो त्या शेकोटीवर हात शेकत बसला, त्याचाही हिशेब आहे. वाल्याच्या घरच्यांनी वाटा नाकारला म्हणून तो त्यांना चुकला नाही.

हे मी आजोबाच्या पायथ्याशी बसून फार वेळा मनात घोळवलं आहे, आणि दरवेळी माझं मन कोळशाकडं जातं. हल्ली बरेच गट लाकूड आणत नाहीत. कोळशाची पिशवी आणतात, जाळी मांडतात, त्यावर भाजतात. त्यांना वाटतं, आपण झाड तोडलं नाही, हत्यारही लागलं नाही. पण कोळसा लाकडाचाच असतो. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या कातकऱ्यांना विचारा कोळशाची भट्टी म्हणजे काय. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादमाकडून उचल घ्यायची, पावसाळा सरला की बायकोपोरांसकट दूर भट्टीवर जायचं, झाडं तोडायची, रचायची, मातीनं लिंपायची, धुरात रात्री काढायच्या. हंगाम संपताना उचल फिटलेली नसते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच. वेठबिगारीला बंदी घालणारा कायदा १९७६ चा आहे. ठाणे जिल्ह्यातले वेठबिगार सोडवण्यासाठी श्रमजीवी संघटनेला १९८० च्या दशकात लढावं लागलं. कायदा आहे, लढाही झाला, पण उचल घेऊन घर सोडणारी कुटुंबं आजही आहेत.

म्हणजे कोयता कातकऱ्याच्या हातात आणि ऊब आपल्या हातांना. पिशवीतल्या कोळशावर ना रेषा दिसते, ना गाठ, ना भोक. आत कुणी राहत होतं का हे बघायची सोयच नाही. म्हणून मी त्या मुलांना स्पष्ट सांगते की कोळसा हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. त्यात करणं नाही असं वाटतं, पण करवणं पूर्ण आहे.

वडील गीतेचा पंधरावा अध्याय लावायचे तेव्हा मी जवळ बसायची. त्यात संसाराचा अश्वत्थ आहे, मुळं वर, फांद्या खाली, आणि तो तोडायला भगवंतांनी असंगाचं शस्त्र सांगितलं आहे. कोणतं झाड कोणत्या हत्यारानं तोडावं याचं याहून थोर उत्तर मला माहीत नाही. ज्ञानेश्वर तर पुढं जाऊन म्हणतात की हे झाड मुळातच खोटं, त्याला उपटायला जोर कशाला, ज्ञान पुरे. पण असंग म्हणजे काय हे नीट समजून घ्यायला हवं. पिशवीतला कोळसा पेटवणारा माणूसही झाडापासून अलिप्तच असतो. ते झाड त्यानं पाहिलेलं नाही, त्याच्या मनात त्याबद्दल काही नाही. त्याला असंग म्हणता येणार नाही. तो नुसता दूर आहे. असंग त्याला जमतो ज्यानं जवळ जाऊन पाहिलं, हात लावला, कष्ट केले आणि तरी जास्तीचं घेतलं नाही. आई भोक असलेलं लाकूड तिथंच ठेवून पुढं जायची, तेव्हा डोक्यावरची मोळी अजून अर्धीच असायची आणि ऊन चढलेलं असायचं. माझ्या वडिलांनी अध्याय वाचला, आईनं तो केला, असं मला वाटतं.

दूर बसून ठपका ठेवायची सवय मात्र जुनी आहे. भातशेतीत पेरणीआधी राब भाजतात. ऐनाचे टहाळ, पालापाचोळा, शेण, गवत, माती असे थर रोपाच्या जागेवर पसरून पेटवायचे, म्हणजे तण मरतं आणि राखेवर रोप जोमानं येतं. एकोणिसाव्या शतकात सरकारच्या वनखात्यानं या टहाळ तोडण्यावर निर्बंध घातले आणि ठाणे-कुलाब्यात एवढा असंतोष माजला की १८८५ साली चौकशीला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. कोयत्यानं जंगल संपवलं, असा वनखात्याचा सूर होता. त्याच काळात आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या वाटेनं रेल्वे थळ घाटातून वर गेली होती. घाटातली वाहतूक १८६५ साली सुरू झाली. रुळांखालचे स्लीपर कशाचे होते? लाकडाचेच. टहाळ तोडणारा शेतकरी झाड उभं ठेवतो, कारण पुढच्या वर्षी त्यालाच त्या झाडाकडं यायचं असतं. स्लीपरचा ओंडका नेणारा परत येत नाही. कोयत्यानं रान अजिबात दुखावलं नाही असं मी म्हणत नाही. घाव कुणाचे मोजायचे आणि कुणाचे नाहीत, हे ठरवण्यात तेव्हाही न्याय नव्हता, एवढंच म्हणते.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मला या संदर्भात पटत नाही. आमच्याकडं चांगला दांडा धामणीचा करतात, कारण ती चिवट असते, हादरा पिते आणि हाताला फोड येऊ देत नाही. त्या दांड्याकडून गोताचा घात होतो असं म्हणणं म्हणजे धरणाऱ्या हाताला मोकळं सोडणं आहे. दांडा निवडत नाही. निवडतो तो हात, आणि जो त्या हाताला पाठवतो तो.

तेव्हा आता मुलांच्या प्रश्नाचं उत्तर, मी फोनवर देते तेच, जरा सविस्तर.

यंत्राची करवत आणू नका. तिचा वेग एवढा असतो की लाकूड उलटून बघायला वेळ उरत नाही, आणि लागतं त्याहून दसपट कापून होतं. कुऱ्हाड आणायचीच असेल तर जाड अंगाची आणा, दांडा हलत नाही ना बघा, पाचर पक्की आहे ना बघा, आणि ओंडका जमिनीवर न ठेवता दुसऱ्या ओंडक्यावर उभा करून काठाकडून फोडत या. नवख्या माणसाला मी कुऱ्हाडीऐवजी कोयता देते आणि वरून दांडक्यानं ठोकायला शिकवते. त्यानं हळू होतं. हळू होणं हाच त्याचा गुण आहे. अर्ध्या तासात जेवढं फोडून होतं तेवढीच शेकोटी, असा नियम मी आमच्या अंगणात ठेवला आहे, आणि जो शेकायला बसेल त्यानं आधी किमान एक दांडकं फोडायचं. वाल्याच्या घरच्यांनी नाकारलेला वाटा इथं सगळ्यांनी उचलायचा.

हिरव्या झाडाला हात लावायचा नाही, वाळून उभ्या झाडालाही नाही. त्याच्या ढोलीत घुबड किंवा पोपट असतो. बिब्ब्याचं लाकूड ओळखायला शिका. त्याचा चीक अंगावर उततो आणि धुरानं तोंड सुजतं. शेराच्या चिकानं डोळ्याला इजा होते, कण्हेर विषारी आहे, यांना शेकोटीपासून लांब ठेवा. धावडा, ऐन, खैर यांचा निखारा टिकतो. पांगारा आणि सावर भुरकन जळतात.

राखीव वनात आग पेटवायला १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानं मनाई आहे, आणि ती मनाई मला योग्य वाटते. माघ-फाल्गुनात आमचं गवत वाळून उभं असतं. एका ठिणगीनं वणवा डोंगरभर पळतो आणि त्यात ससे, घोरपडी, जमिनीवरची घरटी, रोपं सगळं जातं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं रानातल्या उपजावरचा हक्क पिढ्यानपिढ्या तिथं राहणाऱ्यांचा मानला. पाहुण्याचा तो हक्क नाही. म्हणून शेकोटी हवी असेल तर ती गावात, अंगणात, ज्याचं अंगण आहे त्याला विचारून पेटवा. डोंगरावर मुक्काम असेल तर गरम कपडे न्या आणि आगीशिवाय रात्र काढा. आजोबाच्या रानात अंधार चांगला दिसतो.

आणि सरपण गावातून विकत घ्या. मोळी घेऊन येणाऱ्या बाईनं जो भाव सांगितला तो द्या, घासाघीस करू नका, तिनं ती कुठून आणि किती चालून आणली ते विचारा, मोळी उतरवायला हात लावा. हत्यार घरून आणायची तर खरंच गरज नाही. डेहण्याला, धसईला, टोकावड्याला, कुठल्याही घरी कोयता मागा, मिळेल. परत करताना धार लावून द्या. धार लावायचा दगड बहुतेक घरांच्या ओट्यावरच असतो.